सातव्या वळणावरचा ढीग

सह्यपुरात महाप्रताप नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळची ही गोष्ट. तेव्हा बोधिसत्त्व घाटातल्या एका पुजाऱ्याच्या घरी जन्माला आला होता. शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट एका चिडलेल्या भिक्षूला सांगितली. तो भिक्षू कशावरून चिडला होता ते मी शेवटी सांगेन. आधी सांगितले तर तुम्हीही चिडाल आणि गोष्ट बाजूला राहील.

सह्यपूर होते डोंगरावर, लवणपट्टण समुद्राकाठी, आणि दोहोंच्या मध्ये वाघजबडा नावाचा घाट. दुसरी वाट नव्हती. मीठ, सुकी मासळी आणि नारळ याच वाटेने वर चढत. ज्वारी, गहू आणि गूळ याच वाटेने खाली उतरत. घाट चार दिवस बंद पडला तर वरच्यांची आमटी अळणी होई आणि खालच्यांच्या चुली थंड पडत. असा हा घाट सगळ्यांना हवा होता, आणि सगळ्यांना मारीतही होता.

घाटाला अकरा वळणे होती. त्यांतली दहा वळणे बरी होती. नीट चालले तर माणूस नीट पोचे. सातव्या वळणाची तऱ्हा वेगळी. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला तळ न दिसणारी दरी, आणि मधल्या वाटेवर दगडांचा एक अवाढव्य ढीग. त्या ढिगाला लोक वळणाई म्हणत. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने कड्याच्या पायथ्यातून एक दगड उपसायचा, कपाळाला लावायचा आणि वळणाईवर ठेवायचा, म्हणजे ती सुखरूप पार नेते, अशी रीत होती. तीन पिढ्यांत ढीग हत्तीएवढा झाला. पूर्वी जिथून दोन लादलेले बैल जोडीने जात, तिथून आता एकच बैल कसाबसा निघे. शिवाय दगड उपसून उपसून कड्याचा पायथा पोखरला गेला होता आणि वरून खडी गळत असे.

वर्षाला पाचसहा माणसे आणि दहाबारा बैल दरीत जात. कोणी गेले की लोक हळहळत, वळणाई कोपली म्हणत, आणि त्या दिवसापासून एकाऐवजी दोन दगड ठेवीत. आता काय म्हणावे या लोकांना!

दरबाराचे घाटाकडे लक्ष नव्हते असेही नाही. दर वर्षी पावसाळा सरला की दुरुस्तीची आज्ञा निघे. या मंत्र्याकडून त्या मंत्र्याकडे फिरत फिरत ती घाटमाथ्यावर येई, तोवर पुढचा पावसाळा तोंडावर आलेला असे. मग ती आल्या वाटेने परत जाई. अधिकारीही येत. ते ढीग पाहत, मान हलवीत, एक दगड ठेवीत आणि निघून जात.

बोधिसत्त्व या ढिगाशेजारच्या खोपीत राही. आता तो म्हातारा झाला होता. वाटसरूंसाठी तो रांजणात गार पाणी भरून ठेवी. दगड ठेवून झाला की प्रत्येक जण त्याच्या सुपात मूठभर धान्य टाकी, आणि त्यावर त्याचे घर चाले. त्याच्या आईचे आणि आजीचेही त्यावरच चालले होते.

मग एका वैशाखात मार्गाधिकारी म्हणून सोमिल आला. हा माणूस सरळ होता, कामसू होता, आणि इतका तापट होता की त्याची स्वारी येताना दिसली की बैल हाकणारेही उगाच सावरून चालत. त्याची बायको कधीच वारली होती. एकुलती एक लेक, चारुमती, लवणपट्टणात दिलेली. तिला दिवस गेले होते, आठवा महिना लागला होता, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. मंदारेच्या तांड्याबरोबर डोलीत बसून मी निघाले आहे, नवव्या दिवशी सातव्या वळणावर पोचेन, असा तिचा निरोप आला. मंदारा ही मिठाच्या तांड्याची नायकीण. तिच्या तांड्यात तीनशे बैल होते, आणि तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी याच वळणावरून दरीत गेला होता.

निरोप ऐकून सोमिल त्याच दिवशी वळणावर आला. त्याने ढीग पाहिला, उरलेली वाट वितीने मोजली आणि कपाळावर हात मारला. डोली वाहणारे चौघे. दोघे पुढे, दोघे मागे. एवढ्याशा वाटेवर बाहेरच्या भोयाचा पाय अर्धा अधांतरीच पडणार होता.

तेवढ्यात एक गूळवाला आला. त्याने कड्यातून दगड उपसला. वरून ओंजळभर खडी त्याच्याच डोक्यावर पडली. ती त्याने झटकली आणि दगड वळणाईवर ठेवला.

"दगड कशाला ठेवलास रे?" सोमिलाने विचारले.

"इथं माणसं पडतात, धनी."

"का पडतात?"

"वाट अरुंद आहे ना."

"अरुंद का आहे?"

"एवढा मोठा ढीग आहे मध्ये. दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतोय! मला दिसतोय! मग त्यात आणखी एक दगड कशाला?"

गूळवाल्याने त्याच्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "धनी, सांगितलं ना आत्ता? इथं माणसं पडतात," तो म्हणाला आणि पुढे गेला.

सोमिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्याने खालच्या गावातून वीस कामकरी आणले आणि ढीग उपसायला सांगितले. स्वतः हातात अधिकाराचा दंड घेऊन दिवसभर उन्हात उभा राहिला, ओरडत राहिला. कामकरी बिचारे प्रामाणिक होते. एकेक पाटी भरून ते दूर नेऊन टाकीत होते. मात्र वळणाईला हात लावायचा म्हणजे तिची क्षमा मागायला हवी, म्हणून प्रत्येक पाटी उचलण्याआधी प्रत्येक जण दोन दगड तिच्यावर ठेवी. आणि वीस माणसांच्या मागे गावची चाळीस माणसे आपल्या माणसांना काही होऊ नये म्हणून आली होती, तीही दगड ठेवीत होती. दिवस मावळताना सोमिलाने पुन्हा वाट मोजली. ती सकाळपेक्षा चार बोटे कमी झाली होती.

"अरे देवा!" तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी एक बैल गुळाच्या ढेपांसकट दरीत गेला. झाले! अधिकाऱ्याने वळणाईला डिवचले, म्हणून बैल गेला, असे सगळा घाट म्हणू लागला. त्या दिवसापासून लोक पाच दगड ठेवू लागले. सोमिलाने राजाला पत्र लिहिले. ढिगापायी माणसे मरत आहेत, सैनिक पाठवावेत, एका दिवसात ढीग दरीत लोटू द्यावा, असे त्याने स्पष्ट लिहिले होते. राजा महाप्रताप मनाने वाईट नव्हता. त्याने पत्र वाचले, वळणावर मेलेल्या माणसांचा आकडा वाचून त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ताबडतोब उपाय केला. पाचव्या दिवशी वाजतगाजत एक पालखी घाट उतरून आली. तिच्यात राजाने प्रजेच्या रक्षणासाठी वळणाईला अर्पण केलेले एकवीस कोरीव दगड होते.

पालखीचे भोई दगड मांडत असताना सोमिल खाली बसला. तो ओरडलासुद्धा नाही. पालखी गेली तेव्हा उठला आणि सरळ बोधिसत्त्वाच्या खोपीत घुसला.

"तुमचं बरं चाललंय, बाबा!" तो म्हणाला. "दगड पडला की एक मूठ. माणूस पडला की पाच मुठी. हा ढीग हलावा असं तुम्हाला कशाला वाटेल? माझी लेक चार दिवसांत या वाटेनं येतेय. पोटुशी आहे. ती गेली की दहा मुठी पडतील तुमच्या सुपात!"

बोधिसत्त्वाने त्याला बोलू दिले. मग म्हणाला, "बसा. पाणी घ्या."

"पाणी नको मला!" असे म्हणून सोमिलाने तांब्याभर पाणी गटागटा पिऊन टाकले.

"माझा आजा पाथरवट होता," बोधिसत्त्व म्हणाला. "या वळणाला कठडा बांधायचं काम त्याच्याकडे होतं. दरीच्या कडेला त्यानं कातळात खाचा पाडल्या होत्या. दगड घडवून वाटेवर रचून ठेवले होते, दुसऱ्या दिवशी लावायचे म्हणून. त्या दिवशी कडेला शेवटची खाच पाडताना तोच दरीत गेला. आजीला सातवा महिना होता. ती त्या दगडांपाशी येऊन बसली, घरी जाईना. एका वाटसरूनं तिला पाहिलं. काय बोलावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं त्या दगडांवर आपला एक दगड ठेवला, हात जोडले आणि तिच्या पदरात मूठभर ज्वारी टाकली. मागच्यानं ते पाहिलं आणि तसंच केलं. एवढीच वळणाई आहे, बाकी काही नाही."

सोमिल बघतच राहिला. "हे तुम्ही लोकांना का सांगत नाही?"

"चाळीस वर्षं सांगतोय. सगळे ऐकतात. काही जण रडतात. मग दगड ठेवतात."

"आणि तुम्हाला राग येत नाही?"

"यायचा. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखाच कानीकपाळी ओरडत होतो. एकदा मी ओरडलो म्हणून एका बैलवाल्यानं माझ्याकडे मान वळवली आणि त्याचा पाय चुकला. त्या दिवसापासून मी आवाज चढवलेला नाही."

सोमिलाने रिकामा तांब्या खाली ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, एक करा. वळणाई स्वप्नात आली म्हणून सांगा. ढीग काढा म्हणाली असं सांगा. तुमचं ऐकतील. एका दिवसात वाट मोकळी होईल."

"होईल. आणि पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात येऊन परत ठेवा म्हणेल. खोटं मी सांगणार नाही." बोधिसत्त्वाने सुपातले धान्य हाताने सारखे केले आणि तो त्याकडे पाहत राहिला. "पण तुम्ही रागानं बोललात त्यातलं एक खरं आहे. मी तोंडानं म्हणतो, ही देवी नाही. आणि हातानं तिची मूठ घेतो. लोकांनी माझं तोंड का ऐकावं? माझा हात त्यांना रोज दिसतो."

सहाव्या दिवशी सकाळी पहिला वाटसरू आला, त्याने दगड ठेवला आणि मूठ पुढे केली. बोधिसत्त्वाने सूप पालथे घालून ठेवले होते.

"आजपासून मूठ घेणार नाही," तो म्हणाला. मग त्याने ढिगावरचा एक दगड उचलला, वळणापलीकडच्या कड्यापाशी नेला आणि पोखरलेल्या पायथ्यात घट्ट बसवला. "हा कड्याचा आहे. कड्याला परत केला. वळणाई असली आणि रागावली, तर तिनं माझ्यावर रागवावं. दोष माझा."

वाटसरू घाबरून मागे सरला. बातमी घाटभर गेली. पुजाऱ्याने स्वतः दगड काढला, आता तो मरणार, यात कोणाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की कधी. आणि तो मरेपर्यंत वळण ओलांडणे धोक्याचे, म्हणून वरून आलेले वर बसले आणि खालून आलेले खाली बसले. लोकांनी चुली मांडल्या, भाकऱ्या थापल्या. कोणी म्हणे, दुपारपर्यंत टिकायचा नाही. दुपारी म्हणत, उद्या सकाळी बघा. आणि म्हातारा एकेक दगड उचलत होता, पंधरा पावले चालत होता, कड्यात बसवत होता आणि परत येत होता. मधूनच रांजणातले पाणी बसलेल्यांना देत होता. ते पाणी मात्र सगळे पीत होते, बरे का!

सोमिलाच्या नाकी नऊ आले. आधी वाट निदान माणसांना नेत तरी होती. आता ती पूर्ण बंद पडली होती. तो या टोकाला जाऊन ओरडे, त्या टोकाला जाऊन ओरडे. "उठा! चला! म्हातारा जिवंत आहे, दिसत नाही? तुम्हीपण एकेक दगड उचला!" लोक आदराने उभे राहत आणि तो वळला की पुन्हा बसत. तीन दिवसांत बोधिसत्त्वाचे हात सोलवटले. ढीग गुडघाभर कमी झाला असेल नसेल.

नवव्या दिवशी सकाळी मंदारेचा तांडा आला. पुढचे बैल बसलेल्या गर्दीपाशी थांबले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि तीनशे बैल सहाव्या वळणापर्यंत चढावरच खोळंबले. मंदारा कमरेला पदर खोचून तरातरा वर आली.

"वाट कोणी अडवली? बैलांच्या पाठीवर मीठ आहे, खाली उतरवायला जागा नाही! मागे डोलीत अवघडलेली पोर आहे!"

"माझीच पोर आहे ती!" सोमिल ओरडला, आणि मग त्याने नऊ दिवसांचे सगळे एका दमात सांगितले, गूळवाला, कामकरी, राजाची पालखी, पाथरवट आजा, सगळे. मंदारेने ते ऐकले. मग ती म्हाताऱ्याकडे गेली. तो एक दगड छातीशी धरून चालला होता.

"बाबा, माझा माणूस इथं गेला तेव्हा मी त्याच्या नावानं पाच दगड ठेवले होते," ती म्हणाली. "दर खेपेला ठेवते. त्यांनी कुणाची वाट अडली असेल का?"

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नाही गं बाई, तुझे दगड कसे अडवतील. बोधिसत्त्व थांबला. त्याने दगड खाली ठेवला.

"अडली असेल," तो म्हणाला. "तू मायेनं ठेवलेस, पोरी. तरी अडली असेल."

मंदारा तिथेच उभी राहिली. भाकऱ्या उलटणाऱ्या बायकांचे हात थांबले. मग ती पुढे झाली आणि तिने ढिगातला एक दगड उचलला. तो तिने कड्यात बसवला. मग दुसरा. असे पाच दगड तिने बसवले. पाचवा बसवून झाल्यावर पदराने तोंड पुसून ती सोमिलाकडे वळली.

"आणि धनी, तुमच्या हातात काय आहे?"

सोमिलाने आपल्या हाताकडे पाहिले. त्यात अधिकाराचा दंड होता. नऊ दिवस तो घसा फुटेपर्यंत ओरडला होता, माणसे आणली होती, पत्र लिहिले होते, म्हाताऱ्याला वाटेल ते बोलला होता. दगड मात्र त्याने एकही उचलला नव्हता. हे त्याच्या आत्ता लक्षात आले आणि तो कानापर्यंत लाल झाला. त्याने दंड खोपीच्या भिंतीला टेकवून ठेवला. राजाने पाठवलेल्या कोरीव दगडांपैकी सगळ्यात वरचा दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला, लोकांच्या डोळ्यांदेखत कड्यापाशी नेला आणि पायथ्यात ठोकून बसवला. या वेळी तो एक शब्दही बोलला नाही.

आणि गंमत अशी, की तो गप्प बसल्यावर लोक उठले. आधी तांड्यातली माणसे, मग गूळवाले, मग भाकऱ्या टाकून बायका. खालून वरपर्यंत रांग लागली. दगड हातोहात जाऊ लागले. उचलताना कोणी कपाळाला लावी, कोणी पुटपुटे, कोणी आपल्या मेलेल्या माणसाचे नाव घेई. बोधिसत्त्व कोणालाच हटकत नव्हता. फक्त दगड कुठे बसवायचा ते दाखवत होता.

उन्हे कलली तेव्हा ढिगाचा तळ लागला. तळाशी चौकोनी घडवलेल्या दगडांच्या तीन ओळी नीट रचलेल्या होत्या. प्रत्येकाला एका अंगाला खुंटा कोरलेला होता. बोधिसत्त्वाने दरीच्या कडेचे गवत उपटले. खाली कातळात त्याच मापाच्या खाचा होत्या. पहिला दगड त्याने आत सरकवला आणि तो असा बसला, जणू काल संध्याकाळीच घडवला होता. चाळीस वर्षे ज्यांनी त्याची गोष्ट ऐकली होती, त्यांनी एकमेकांकडे पाहिले. आता त्यांना ती कळली होती.

पुढच्या दिवशी दुपारपर्यंत कमरेएवढा कठडा उभा राहिला. मग तांडा निघाला. पन्नास बैल गेले, आणि मंदारेने डोली पुढे घ्यायला सांगितली. सोमिल वळणाच्या टोकाला उभा होता. चारुमतीने डोलीच्या पडद्यातून त्याला पाहिले आणि हात हलवला. तेवढ्यात कड्यावरून मूठभर खडी सळसळत खाली आली. फार नव्हती, पण डोलीच्या मागचा बैल बुजला आणि गोणीसकट भोयांवर आदळला. मागच्या दोघांचे पाय सुटले. डोली दरीकडे फेकली गेली.

ती कठड्यावर जाऊन थांबली. डोलीचा दांडा घडीव दगडावर खणकन आपटला, दगड जागचा हलला नाही. चारुमती आतून ओरडली, "बाबा!"

सोमिल धावत गेला, त्याने तिला हाताला धरून बाहेर काढले आणि चालवत वळणापार नेले. तिला सावलीत बसवून, पाणी पाजून तो परत आला, आणि कठड्याच्या त्या दगडापाशी गुडघे टेकून बसला. त्याने दगडावर हात ठेवला. मग बोधिसत्त्वाचे सोलवटलेले हात आपल्या हातात घेतले आणि लहान मुलासारखा रडला. "तुमचा आजा," एवढेच तो म्हणू शकला. बोधिसत्त्वाने मान हलवली.

चारुमतीला सह्यपुरात मुलगी झाली. दरीत त्या वर्षी एकही माणूस गेला नाही, एकही बैल गेला नाही. बोधिसत्त्वाने मूठ पुन्हा घेतली नाही. वाट झाडण्याचे आणि कड्याची राखण करण्याचे काम त्याने घेतले आणि मंदारेचा तांडा त्याला जेवू घालू लागला.

वर्षाने सोमिल पाहणीला आला. सातव्या वळणावर पोचताच तो थबकला. कठड्याच्या मधल्या दगडाला, जिथे डोली थांबली होती तिथे, कोणीतरी शेंदूर फासला होता. वर दोन फुले होती. समोरून एक माणूस आला, त्याने कठड्याला हात जोडले, कपाळाला शेंदूर लावून घेतला आणि सोमिलाकडे बघून म्हणाला, "कठडाई आहे, धनी. फार जागृत."

सोमिलाने ओरडायला तोंड उघडले. मानेच्या शिरा फुगल्या. बोधिसत्त्व हातात खराटा घेऊन शेजारी येऊन उभा राहिला.

"राहू द्या," तो म्हणाला. "शेंदरानं वाट अरुंद होत नाही."

सोमिलाने तोंड मिटले. मग तो हसला, आणि मोठ्याने हसताना घाटाने त्याला पहिल्यांदाच पाहिले.

आता तो चिडलेला भिक्षू. त्याचे नाव सुमंगल. विहाराच्या तिसऱ्या पायरीवरून एक वृद्ध स्थविर, तिथले ज्येष्ठ भिक्षू, घसरून पडले. उपासकांना फार वाईट वाटले. त्यांनी त्या पायरीवर भक्तीने फुले वाहिली. ओल्या फुलांवरून दुसऱ्या दिवशी आणखी एक जण घसरला. लोकांनी दुप्पट फुले वाहिली. सुमंगल रोज पायरी झाडी, रोज ओरडे, आणि रोज फुले वाढत. शेवटी त्याने खराटा अंगणात भिरकावला, भिक्षापात्र उचलले आणि मी चाललो म्हणून सांगितले. तेव्हा शास्त्यांनी त्याला जवळ बसवून ही गोष्ट सांगितली.

गोष्ट संपवून शास्ता म्हणाले, "सुमंगला, त्या जन्मी मार्गाधिकारी सोमिल तूच होतास. राजा महाप्रताप म्हणजे आपले घसरलेले स्थविर. तांड्याची नायकीण मंदारा म्हणजे सगळ्यांत जास्त फुले आणणारी उपासिका धन्ना. घाटात बसून राहिलेले वाटसरू म्हणजे हे सगळे भिक्षू, जे तुला तीन दिवस ओरडताना बघत बसले आहेत. चारुमती म्हणजे एक लहान भिक्षुणी, जी उद्या त्या पायरीवरून उतरणार आहे. आणि वळणावरचा म्हातारा पुजारी मी होतो. माणसांवर न चिडता, त्यांच्याआधी आपला हात कामाला लावणे, याला क्षांती म्हणतात. त्या जन्मी मी बुद्धत्वाला लागणारी ती पारमिता पुरी केली."

सुमंगलाने भिक्षापात्र खाली ठेवले. मग तो उठला. विहारामागून त्याने एक सपाट शिळा ओढत आणली आणि पायऱ्यांच्या बाजूला मांडली. तिसऱ्या पायरीवरची फुले त्याने एकेक करून उचलली, ओंजळीत धरली आणि शिळेवर ठेवली. मग अंगणात जाऊन तो आपला खराटा शोधू लागला. खराटा धन्नेने आधीच उचलला होता, आणि ती पायरी झाडत होती.